सिस्टीमचे फोल्डर बंद करण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा व्यवस्थापक,
काळीमाय माती परीक्षण सहकारी संस्था,
मुख्य कार्यालय, अमरावती.

विषय : अकोला शाखेतील सामाईक संगणकावर सिस्टीमचे फोल्डर इतर कर्मचाऱ्यांस बंद ठेवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. १४ जुलै २०२५.

महोदय,

१. अर्जदार हर्षा देवानंद काळमेघ ही अकोला शाखेत सहा वर्षांपासून संगणक चालक आहे. शाखेत पाच जणांत एकच संगणक आहे. तो ज्या फायलींवर चालतो त्या चुकून कोणाच्या हातून जाऊ नयेत म्हणून अर्जदाराने मार्चमध्ये प्रत्येकास साधे खाते करून दिले व सिस्टीमचे फोल्डर बंद केले. कोणाचे काम अडले नाही.

२. परंतु शाखाप्रमुख श्री. वामनराव यांना पडद्यावर ‘परवानगी नाही’ असे दिसले. “मी इथचा साहेब, अन् मलेच परवानगी नाई?” असे ते सर्वांदेखत म्हणाले व त्याच दिवशी पाचही खात्यांना अर्जदाराकडून पूर्ण अधिकार देवविले. अर्जदाराने लेखी हरकत घेतली. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर आलूबोंडे वाढले गेले.

३. दि. ९ जुलै रोजी लिपिक श्री. किशोर यांना मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवण्यास जागा कमी पडली. कोणी उघडत नाही त्या फायली कशाला ठेवायच्या, असे म्हणत त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेल्या बोटांनी सिस्टीमच्या फायली पुसल्या. संगणक बंद पडला. वामनरावांनी घाईने तो पूर्ण पुसून त्यात सिस्टीम नव्याने भरली, तेव्हा या हंगामाचे तीनशे बारा माती अहवाल गेले. प्रत ठेवण्यासाठी वेगळी डिस्क अर्जदार दोन वर्षांपासून मागत आहे. आता वामनरावांच्या जबाबात फोल्डर अर्जदारानेच ‘निष्काळजीपणे उघडे ठेवले’ असे लिहिले असून खाली किशोर यांची साक्षीदार म्हणून सही आहे. अर्जदारास याची शिसारी आली. यासाठी कार्यालयीन शब्द शोधला, मिळाला नाही.

४. सोमवारी शेतकरी श्री. नत्थुजी अहवाल न्यायला आले. माती पुन्हा आणा, असे सांगण्याचे काम अर्जदारावर आले. ते रागावले नाहीत. “बाई, त्या वावरात आता पऱ्हाटी उभी हाये. उपटून आनू का माती?” एवढेच त्यांनी विचारले.

५. प्रयोगशाळेतील दीक्षा यांच्या कच्च्या वहीवरून एकशे चाळीस अहवाल पुन्हा तयार झाले आहेत. उरलेल्यांना अर्जदार स्वतः फोन करीत आहे.

६. आज सकाळी अर्जदाराने कोणास न विचारता सिस्टीमचे फोल्डर पुन्हा बंद केले आहे. पासवर्ड शाखेत ठेवलेला नाही, तो सोबतच्या सीलबंद पाकिटात आहे. तो वामनरावांना द्यावयाचा असल्यास आदेश लेखी द्यावा, आपल्या सहीने.

उत्तर येईपर्यंत नेमून दिलेल्या टेबलावर हजर,
(सही)
हर्षा दे. काळमेघ
अकोला, दि. २३ जुलै २०२५

सोबत : १. हरकतीची प्रत (तेलकट). २. नोटिशीची प्रत. ३. सीलबंद पाकीट.