कापसाच्या खोलीतलं भजन

ता. दिग्रस, मे २०२०

प्रिय गोपाल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. उलट बातमी इतकी आनंदाची आहे की सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बाबा गायले! बाभुळगावच्या त्या भजन स्पर्धेपासून खंजिरी खुंटीला लटकली होती. परवा रविवारी ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, चुलीच्या धगीवर शेकली, बोटाने दोनदा वाजवून पाहिली आणि मांडी घालून बसले. मी तर बघतच राहिले.

आधी घराची अवस्था ऐक. लॉकडाउनमुळे खरेदी केंद्र बंद, त्यामुळे यंदाचा सगळा कापूस घरातच. तुझी खोली छतापर्यंत भरलीय. अंगाला खाज सुटते आणि आई दिवसभर सरकारला नि कापसाला आळीपाळीने शिव्या घालते. भजन मंडळ बंद, माझी शाळा बंद, आणि बाबा आपले ओट्यावर गप्प. तो गप्पपणा मला बघवेना. त्यातच तांड्यावरच्या हरिसिंगचा पुण्याहून फोन आला, "ताई, काकाचं भजन आयकव न एकडाव. इथं खोलीत कोंडून जीव कावला." त्यावरून मला सुचलं, मोबाइलवर छोटीशी मैफल करायची. मोजकीच माणसं, पण बाबांच्या भजनासाठी जागरणं केलेली. कुणी नागपूरला, कुणी सुरतला, आणि केळापूरची सत्यभामा मावशी. जागा तुझीच खोली, दाराजवळ सतरंजीपुरती मोकळी केलेली. कापसामुळे तिथे आवाज जराही घुमत नाही. शहरात म्हणे लोक त्यासाठी भिंतींना गाद्या ठोकतात.

बाबा आधी तयारच होईनात. "मोबाइलले भजन आयकवू का मी?" म्हणाले. शेवटी आई म्हणाली, "मी बसतो न समोर," तेव्हा कुठे उठले.

आणि मी काय केलं असेल? शाळेच्या ऑनलाइन वर्गात करते तसे सगळ्यांचे माइक बंद केले, गडबड नको म्हणून. बाबांनी पहिली ओळ घेतली आणि थांबले. परत तीच ओळ, परत थांबले. मला वाटलं नेट गेलं. मी मोबाइल खिडकीत नेला, परत आणला. पडद्यावर हरिसिंग नुसते हातवारे करत होता. बाबांनी खंजिरी खाली ठेवली. "कोनी ओळ उचलूनच नाई राह्यलं. मंग पुढं कसा जाऊ?" आपल्याकडे मागच्यांनी ओळ उचलून परत म्हटल्याशिवाय गाणारा पुढे जात नाही, हे मी जन्मभर पाहिलेलं आणि तेच विसरले! आता ही खंजिरी खुंटीवर गेली की कायमची, हे मला कळत होतं. मी घाईघाईने सगळ्यांचे माइक उघडले.

मग जो गोंधळ झाला म्हणतोस! नागपूरची ओळ आली, मागून सुरतची, त्यामागून मावशी आणि तिच्या कुकरची शिट्टी. एकाचा एकाला मेळ नाही. वाटलं, बाबा आता उठतात. पण ते हसायला लागले रे, पोट धरून. म्हणाले, "पंगतीत वाढून राह्यले का बे, एकामागून एक?" आणि खंजिरी उचलून जे सुटले, ते थांबेचनात. आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. माझा जीव भांड्यात पडला.

तू तिथे नव्हतास अशा थाटात मी हे सगळं सांगतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. कॅमेरा बंद, नावाच्या जागी नुसतं मोबाइलचं मॉडेल. मला वाटलं, हरिसिंगने लिंक दिलेला त्याचा कुणी मित्र असेल. पण मैफल संपल्यावर बाबा खंजिरी पुसत म्हणाले, "सगळे मागून येऊन राह्यले होते. एकच पोट्टा बरोबर ठोक्यावर आला. गोपाल हाय तो. ओळ संपाच्या आंधीच उचलते, लहानपणापासून." बाभुळगावला याच घाईवरून ते भर मांडवात तुझ्यावर ओरडले आणि तू तिथूनच एसटी पकडलीस. मोबाइलवर आवाज उशिरा पोचतो, त्यात तीच घाई नेमकी जागेवर पडली. तू गेल्यावर दुसऱ्या कुणी ओळ उचलावी हे त्यांना नको होतं, म्हणून तर खंजिरी खुंटीवर गेली, गोपाल. येत्या रविवारी आम्ही पुन्हा बसतोय. हे पत्र त्यांनीच लिहायला लावलं आणि निरोप त्यांच्याच शब्दांत देते: "त्याले लिव, अशीच घाई करत जाय म्हना. अन् नाव टाकून ये म्हना, बापापासून लपाचं काम नाई."

तुझीच,
ताई