कॉटन ग्रीनमधली ब्रेकपरीक्षा

परळ, रविवार दुपार

आदरणीय अभयदाजी यांना अमितचा सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत, कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? वैशालीताईने चहातली साखर बंद केल्याचं कळलं आणि त्याबरोबरची बिस्किटं तुम्ही गुपचूप तीनवर नेल्याचंही कळलं (राजस मामाला सगळं सांगतो, मुलगा तुमचा असला तरी). पत्र लिहायचं कारण एवढंच, की मागच्या महिन्यात तुम्ही मला कुटुंबाच्या ग्रुपवरून काढून टाकलंत, तेव्हापासून फोनही उचलत नाही. तेव्हा मला पोस्टाचा हाच सनदशीर मार्ग उरला. शिवाय आज जे घडलं ते फोनवर अंगठ्याचं चित्र टाकून उरकण्यासारखं नाही. ते नीट बसून, दोन्ही बाजूंनी लिहून, तुमच्या हातात पडलं पाहिजे.

भांडण कशावरून झालं ते तुम्ही विसरला नसाल, पण मी एकदा लिहून ठेवतो. गावच्या नव्या विहाराचं उद्घाटन येत्या चोवीस तारखेला आहे. जागेसाठी वर्गणी काढणाऱ्या गिरणी कामगारांची नावं तिथल्या दगडावर कोरली आहेत, आणि त्यात आमच्या बाबांचं, रामजी यांचं नाव आहे. आईला ते बघायचं आहे. अकरा वर्षांत ती गावाला गेलेली नाही. एसटीत तिला मळमळतं, एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून मी माझ्या कारने न्यायचं ठरवलं. एवढं सरळ काम. मग आम्ही पुण्याला तुमच्याकडे जेवायला आलो. हात धुऊन तुम्ही खाली उतरलात, माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातलीत, पुढच्या टायरला चपलेने ठोकलंत, त्यावरचं नाव वाचून ‘ही कंपनी कुठल्या गल्लीतली?’ असं विचारलंत, आणि आईच्या देखत निकाल दिलात की असल्या स्वस्त टायरवर मी सासूबाईंना घाटात जाऊ देणार नाही.

दाजी, माझं दुःख समजून घ्या. बोललात ते माझ्या टायरला, पण बसलं आईच्या मनात. जावई बोलले की संपलं. मुलगा काय, रोजच बोलतो. परत येताना ती लोणावळ्यापर्यंत वरचा दांडा धरून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘राहू दे रे, दगड काय पळून जातोय?’ आणि तिने इस्त्रीला द्यायला काढलेली पांढरी साडी परत कपाटात ठेवली. ती साडी मी बघितली नसती तर मीही गप्प बसलो असतो. तुमच्यासारखे महागडे टायर घेतले असते तर प्रश्नच मिटला असता असं सुरुची म्हणाली (माझी बायको असून!), पण तेव्हा मला वाटलं की हा आता टायरचा प्रश्न राहिलेला नाही, सत्याचा आहे. सत्य काय ते रस्त्यावर ठरेल.

आता योगायोग असा की तुमची जुनी गाडी, जी राजसला नोकरी लागल्यावर तुम्ही त्याला दिलीत, आणि माझी गाडी एकच मॉडेल आहे (तुम्ही घेतली म्हणून मी घेतली, हे कबूल करायला मला लाज नाही). तिचे चारही टायर तुम्ही स्वतः निवडलेले, बड्या कंपनीचे, ज्यांचं कौतुक आम्ही प्रत्येक समारंभात ऐकलेलं आहे. म्हणजे परीक्षेला दोन्ही विद्यार्थी घरातच होते. राजसला अँटॉप हिलला फोन केला, तो लगेच तयार झाला. गाडी चालवायला धम्मपालकाका. आमच्या शेजारचे, बत्तीस वर्षं बस चालवलेली, त्यांच्या पायाखालच्या ब्रेकवर अख्ख्या इमारतीचा विश्वास. दोन्ही गाड्या एकाच माणसाने चालवायच्या, म्हणजे तक्रारीला जागा नको. जागा कॉटन ग्रीनची, गोदामांच्या मधली लांब गल्ली. रविवारी सकाळी तिथे मांजरसुद्धा आडवी जात नाही, आणि रखवालदार काकांच्या ओळखीचा.

मी हे फक्त चौघांना सांगितलं होतं. सकाळी सातला तिथे साठ माणसं होती. आपल्या लोकांचं तुम्हाला माहीत आहे, चार माणसं एका जागी उभी राहिली की त्यांना अध्यक्ष लागतो. सोसायटीचे अध्यक्ष कडक इस्त्रीचा सफारी घालून हजर. कुणीतरी बॅटरीवरचा माइक आणला, कुणी खुर्च्या, कुणी पोह्यांचं पातेलं. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर. तिने सांगितलं, चांगलं काम आहे, आधी त्रिसरण घ्या. ते झालं. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत (पाहुणे म्हणजे राजस आणि रखवालदार). मग अध्यक्षांचं ‘दोन शब्द’. दाजी, सुकी परीक्षा आधी झाली होती, त्यात दोन्ही गाड्या सारख्याच थांबल्या, वीतभराचाही फरक नाही. खरी लढाई ओल्या रस्त्यावर. त्यासाठी आम्ही दहा ड्रम पाणी ओतून रस्ता चकचकीत ओला केला होता. अध्यक्ष चाकाच्या शोधापासून निघाले आणि गिरणी संपापर्यंत पोचले तोवर ऊन वर आलं आणि रस्ता खडखडीत वाळला. टाळ्या झाल्या. काका ब्रेकवर पाय ठेवून तयार, आणि खाली पाण्याचा थेंब नाही.

पुन्हा दहा ड्रम. या वेळी मी अध्यक्षांच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि माइक खिशात घातला.

रांगोळीने रेघ मारलेली होती. ताशी चाळीसच्या वेगाने यायचं, रेघेवर पुढचं चाक आलं की दाबायचा ब्रेक. आधी राजसची गाडी, म्हणजे तुमचे टायर. काकांनी ब्रेक दाबला, गाडी घसरत, कुरकुरत पुढे गेली आणि थांबली. मग माझी. थांबली, दाजी! अगदी शहाण्यासारखी थांबली. मी तर उडीच मारली. मोजायला सुरुची होती. ती वीस वर्षं हिंदमाताला कापडाच्या दुकानात, तिने दुकानातली लोखंडी मीटरपट्टी आणली होती. तुमची तेरा पट्ट्या आणि थोडी वर, माझी अकरा. पण राजस तुमचाच मुलगा, त्याने लगेच हरकत घेतली, की मामी दर पट्टीला अंगठा मागे सरकवते, तिचा हात दुकानाचा आहे, आणि मामाच्या गाडीला तिने घरचं माप लावलं. सुरुची चिडली. पण खरं सांगायचं तर ती सरकवते. मी लग्नाच्या आधी तिच्याकडून शर्टाचं कापड घेतलं होतं, त्याच्या बाह्या कोपरावर संपल्या होत्या. मग काकांनी आणि राजसने दोन टोकं धरून, खडूने खुणा करत पुन्हा मोजलं. तुमची तेरा, माझी अकराला चार बोटं कमी. म्हणजे सुरुचीने मोजताना अन्याय केला असेल तर तो एकट्या तुमच्यावर नाही, माझ्यावरही! माइक माझ्याच खिशात होता, त्यामुळे ही गोष्ट मी तीनदा जाहीर केली.

गल्लीत जो जल्लोष झाला त्याचं वर्णन करत नाही, तुम्हाला त्रास होईल. स्वस्त टायर घेणारी आमच्या इमारतीत आणखी सात घरं आहेत, त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला. अध्यक्षांनी माइक मागितला. या सगळ्या गडबडीत आई खुर्चीवरून उठून राजसच्या गाडीजवळ गेली. तिला अक्षरं येत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे; पण बसचे नंबर आणि फोनचे आकडे वाचत तिने सगळी मुंबई पालथी घातली. ती वाकली, टायरच्या कडेला बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘काय रे, ह्याच्यावर चौदा अठरा का लिवलंय? अमितच्यावर तर झिरो सहा पंचवीस हाय.’

सगळे त्या टायरभोवती गोळा झाले. काकांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की ते टायरच्या जन्माचे आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे तुमचे टायर दोन हजार अठरा सालच्या चौदाव्या आठवड्यातले! सात वर्षांचे! गाडी पुण्यात झाडाखाली उभी असायची, चालली कमी, त्यामुळे खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर उन्हात वाळून कडक झालेलं. काकांनी नख रुतवून दाखवलं, रुतलंच नाही. मोठ्या कंपनीच्या नावावर तुम्ही सात वर्षं निर्धास्त राहिलात आणि माझ्या सहा महिन्यांच्या पोराला चपलेने ठोकलंत. (काकांनी आणखी एक वाक्य म्हटलं, ते प्रामाणिकपणे लिहितो: दोन्ही टायर ताजे असते तर भर पावसात महागड्यानेच थोडं आधी थांबवलं असतं. पण नवा, हवा बरोबर भरलेला, गाडीला योग्य मापाचा स्वस्त टायर हा जुन्या महागड्यापेक्षा केव्हाही बरा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग माइकवरून गेलेला नाही.)

आईने माझ्या टायरवर हात ठेवला. मग सुरुचीला म्हणाली, ‘ती पांढरी साडी इस्त्रीला दे.’ दाजी, तेवढ्यासाठी मी वीस ड्रम पाणी ओतलं होतं. साठ माणसांसमोर माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवताही आलं नाही. तेव्हा आता तुमची हरकत पुराव्यानिशी निकालात निघाली आहे. आई चोवीस तारखेला याच गाडीने, याच टायरवर गावाला जाणार आहे. ताईला नमस्कार सांगा. बिस्किटांचं मला राजसकडून कळलं असं तिला सांगू नका.

तुमचा विजयी मेहुणा,
अमित

ता. क. राजसने आज दुपारीच चारही टायर बदलले. कुठल्या कंपनीचे घेतले ते त्यालाच विचारा. मी बरोबर होतो, आणि दुकानदाराने मला नावाने हाक मारली, एवढंच सांगतो.

ता. क. दोन. सुरुची मागे उभी राहून हे पत्र वाचते आहे आणि म्हणते की आभारप्रदर्शनानंतरचं लिहिलं नाही तर ती स्वतः लिहील. तर, सत्काराचा हार गळ्यात असताना लोकांनी आग्रह केला की एक फेरी मालकाने मारावी. मी मारली. तीच गाडी, तेच टायर, तोच ओला रस्ता, चाळीसचाच वेग. मी रेघेवर ब्रेक दाबला असं माझं मत आहे. गाडी रांगोळी पुसून, तेराची खूण ओलांडून, पोह्यांच्या टेबलाला उजवीकडे ठेवून रखवालदाराच्या केबिनपाशी थांबली. रखवालदार तेव्हा केबिनमध्ये नव्हता, हे आमचं नशीब. सुरुचीने घरच्या मापाने मोजलं तरी एकोणीस पट्ट्या. काका म्हणाले की मी ब्रेक दाबत नाही, बाळाला थोपटतो. लोणावळ्यापर्यंत आई दांडा का धरून बसली होती, ते तिने मला तिथेच सांगितलं. तुमच्या बोलण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

ता. क. तीन. आईचा निरोप आहे, तिने सांगितलेला जसाच्या तसा देतो: ‘टायर ऱ्हाऊ दे हेच. गाडी अभयने चालवायची.’ मी अपील केलं, ते फेटाळलं. पुण्याहून ताम्हिणी घाटाने तुम्हाला गाव जवळ पडतं हे मला माहीत आहे, तरी तेवीस तारखेला उलटा वळसा घालून परळला या. सुरुची सुकट करणार आहे. ग्रुपवर मला परत घेतलं नाहीत तरी चालेल, मी मागच्या सीटवर गप्प बसेन. दगडावर बाबांच्या नावापुढे वर्गणीचं साल कोरलं आहे असं गावाहून कळलंय, तेव्हापासून आई रोज विचारते की आकडे ठळक आहेत ना. नाव मी तिला वाचून दाखवीन. साल तिला स्वतः वाचायचं आहे. तेवढी तिला तिथे नीट पोचवा, दाजी.