भाऊंच्या रायफलीचा पीळ

॥ श्री ॥

विलेपार्ले (पूर्व),
१८ जानेवारी १९८६

प्रिय दशरथ यास,

नंदकिशोरचा नमस्कार. ('सप्रेम' लिहिणार होतो, पण इतक्या वर्षांनी एकदम सप्रेम लिहिलं तर तुला वाटायचं, याचं काहीतरी काम अडलंय. तसं काम काही नाही.) जानकीकाकींना माझा आणि नीलाचा वाकून नमस्कार सांग. त्यांचे गुडघे कसे आहेत? आंबा मोहरला का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. भाऊंच्या दोन्ही फुप्फुसांत रोग पसरला आहे, डॉक्टर होळीपर्यंत म्हणतात आणि त्यापुढचं विचारलं की चष्मा पुसायला घेतात. बाकी खुशाल.

शेवटच्या दिवसांत माणूस देवाचं नाव घेतो असं ऐकून होतो. आमचे वडील रायफलीच्या नळीचं घेतात. तीच ती रायफल. (वाचणं इथेच थांबवू नकोस. तुझा राग ठाऊक असूनच लिहितोय.) तुला यातलं काहीच सांगायला नको, पण एकदा क्रमाने लिहून बघतो. त्या दिवाळीला भातात रानडुकरं पडली म्हणून भाऊंनी मुंबईहून ती जुनी विलायती रायफल आणली, तिच्यासाठी चांगल्या लांब, जड गोळ्या आणल्या, आणि पहिल्याच बाराला डुक्कर मरायच्या ऐवजी जखमी होऊन शेताच्या मेरेवर उभ्या असलेल्या धाकूकाकांच्या अंगावर गेलं. तुझे वडील त्याच संध्याकाळी गेले. भाऊ सख्ख्या भावाच्या उशाशी बसून एकच म्हणत राहिले की माझा हात हलला नाही, गोळीच वाकडी गेली. बार काढताना तू शेतात भाऊंच्या शेजारीच उभा होतास. अंगणात सगळ्यांसमोर तू एकदाच बोललास, "भाऊनू, तुमचो हात हाललो." त्यानंतर तू आमच्या घरची पायरी चढला नाहीस आणि भाऊंनी कधी बार काढला नाही. रायफल मात्र विकलीही नाही. दरवर्षी लायसन नवं करायचं, नळीला तेल द्यायचं आणि परत कपाटात ठेवायची. आई होती तोवर त्या कपाटात स्वतःची एक साडी ठेवत नसे.

आता आमच्या खालच्या मजल्यावर विद्याधर म्हणून एक राहतो. बँकेत आहे. रद्दीवाल्याकडून परदेशी शिकारीची मासिकं किलोने आणून वाचतो, पण जत्रेतल्या फुग्याखेरीज त्याने जन्मात काही मारलेलं नाही. तो भाऊंना बघायला आला आणि मोसंबी ठेवून निघायच्या ऐवजी जेवायची वेळ होईपर्यंत बसला. त्याने जे ज्ञान दिलं ते थोडक्यात असं. (थोडक्यात माझं, त्याचं नव्हे.) नळीच्या आतल्या अंगाला पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी फिरते म्हणूनच सरळ जाते. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, तो त्या नळीचा पीळ. दहा इंचांत होत असेल तर पीळ जलद, चौदा इंचांत होत असेल तर संथ. गोळी जितकी लांब आणि जड, तितका पीळ जलद लागतो. संथ पिळातून जड गोळी सोडली तर ती पुरती फिरत नाही, डुलायला लागते, आडवी होते आणि मनाला येईल तिकडे जाते. हे ऐकून भाऊ, ज्यांना पाणी पाजायलाही मान उचलून धरावी लागते, ते उशीवरून उठून बसले. म्हणजे नळी चौदाची असेल तर माझा हात हलला नव्हता, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. विद्याधर हो म्हणाला. दहाची असेल तर काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि विद्याधरने सांगितलं नाही. एवढी अक्कल त्याला आहे.

पीळ मोजायची रीत सोपी आहे असं तो म्हणाला तेव्हाच मी ऑफिसला निघून जायला हवं होतं. सळईच्या टोकाला चिंधी घट्ट गुंडाळून ती नळीत ढकलायची. चिंधी खाचा धरते आणि सळई आपोआप फिरत आत जाते. सळईवर खडूची रेघ वरच्या बाजूला ठेवायची आणि नळीच्या तोंडाशी सळईला एक दोरा बांधायचा. रेघ फिरून पुन्हा वर आली की तोंडाशी दुसरा दोरा. दोन दोऱ्यांमधलं अंतर म्हणजे पीळ. पण सळई मुठीत धरली तर फिरत नाही, म्हणून भाऊंनी (जन्मभर मिलमध्ये फिटर, ते काय सुटतंय) नीलाच्या शिवणयंत्राचं बेअरिंग काढून सळईच्या मुठीत बसवायला लावलं. तिचे दोन ब्लाऊज अर्धवट पडले आहेत आणि ती माझ्याशी बोलत नाही. पहिली चिंधी सैल पडली. दुसरी इतकी घट्ट झाली की सळई ना आत जाईना ना बाहेर येईना. मी रायफलीचा दस्ता धरला, विद्याधरने सळई धरली आणि आम्ही दोघं ओढायला लागलो. भाऊ कॉटवरून हुकूम सोडत होते, त्यात त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते पालथे पडले. त्याच क्षणी सळई सुटली आणि विद्याधर भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळला. आवाज पार नाक्यापर्यंत गेला असेल. समोरच्या शांताबाईंनी दारातून डोकावून पाहिलं, तो माझ्या हातात रायफल, विद्याधर जमिनीवर आणि भाऊ पालथे.

पुढचं काय सांगू. भाऊंना सरळ करून पाणी पाजेपर्यंत जिन्यात माणसं जमली होती. कोणी हार आणला, कोणी बांबूंची चौकशी केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर खालच्या फळ्यावर दुःखद निधन, अंत्ययात्रा चार वाजता, असं लिहूनही टाकलं होतं आणि त्याखाली, आज संध्याकाळी पाणी येणार नाही. भाऊंनी तो फळा वर मागवला, चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, वेळ तेवढी पुसा, बाकी राहू द्या, लागेलच. लोक हसले. मला हसू आलं नाही.

मग भाऊ थकून झोपले. आम्ही तिसरी चिंधी घातली, ती नेमकी बसली. उठल्यावर त्यांना सांगितलं, चौदा. ते नुसतं 'बरं' म्हणाले. एवढी शास्त्रीय माहिती तुलाही असावी म्हणून हा पत्रप्रपंच. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि ज्यांना माझ्याकडून यातलं काहीच नको असेल त्यांना आग्रह नाही.

तुझा (चुलत का होईना) भाऊ,
नंदकिशोर

ता. क. पीळ दहा निघाला. पुन्हा पुन्हा मोजला, विद्याधरलाही मोजायला लावला, दहाच. चौदा मी मनाचं सांगितलं. तेव्हापासून भाऊ रोज विचारतात, दशरथाला कळवलंस का. माझ्या चौदाला त्यांच्या लेखी किंमत नाही, तुझ्या एका शब्दाला आहे. तू ये आणि गोळीच वाकडी गेली एवढंच म्हण. वडील तुझे गेले आणि खोटं बोलायला तुलाच सांगतोय, याची मला लाज वाटते. तरी सांगतोय.

आणखी एक ता. क. पाकिटाला लावायला खालून डिंक घेऊन आलो, तर भाऊंनी कॉटखालची सळई ओढून मांडीवर घेतली होती. दोन दोऱ्यांमध्ये वीत टेकवली होती. एक वीत आणि वर एक बोट. मिलमध्ये त्याच वितीने त्यांनी किती मापं घेतली असतील. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "धाच आसत. दशरथ बोललो ताच खरा. पण ह्या पत्रात लिवू नको, त्याका बोलव. माका त्याच्या तोंडार सांगूचा आसा." मी तरीही पत्रात लिहिलं, कारण नाहीतर तू येणार नाहीस. तू आल्यावर हे आधी कळलं होतं असं दाखवू नकोस. त्यांना सांगू दे.