पुन्हा एकदा सांग

अल्बनी, ऑकलंड
१२ मे

प्रिय दमूआत्या,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. सांगलीहून निघाले तेव्हा मी सहावीत होते आणि माझं मराठी अक्षर तिथेच, सहावीतच राहिलंय. लाल पेन जवळ घेऊन बसलीस तरी मी रागावणार नाही. रोज फोनवर एकमेकींची तोंडं बघतो, मग आज ही कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. ते सांगते, पण शेवटी. पहिल्याच ओळीत उत्तर लिहिलं की तूच माझ्यावर डोळे वटारायचीस.

बातमी अशी की पुढच्या महिन्यात माझी पदवी पूर्ण होतेय. माझ्याबरोबरच्या मुलांची नोव्हेंबरात होईल, माझी अर्धं वर्ष आधी. दोन पेपर (इथे विद्यापीठातल्या विषयाला पेपर म्हणतात) मी शाळेत असतानाच दिले होते, दोन उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकले, म्हणून हे जमलं. लोक हुशार म्हणतात. मी मान डोलावते, पण खरं काय ते तुला आणि मला माहीत आहे. तुला सगळं आठवेलच असं नाही, म्हणून मीच सांगते. शिवाय मला सांगायला आवडतं.

इथे तेरावी शाळेतच असते. माझं तेरावीचं गणित बारावीतच संपलं, तेव्हा शाळेतल्या आमच्या वर्गाच्या प्रमुख, डीन बाईंनी सुचवलं की हिला विद्यापीठाचा संख्याशास्त्राचा पेपर घेऊ द्या. पास झाली तर त्याचं क्रेडिट पुढे पदवीत धरतात. आई लगेच हो म्हणाली. बाबा मात्र अडून बसले. विद्यापीठातले गुण कायमचे चिकटतात, कमी पडले तर पुढे प्रवेशाच्या वेळी नडतील, आणि एवढी घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं. घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. शेवटी आईने तुला फोन लावून दिला आणि तू बाबांना एवढंच म्हणालीस, "रव्या, पोरीला पाण्यात उतरू दे. काठावर मी बसते." तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या मोठ्या बहिणीचा शब्द बाबांनी मानला.

पहिल्या दिवशी चौथा तास संपल्यावर मी शाळेच्या गणवेशातच मॉलमागच्या रस्त्याने विद्यापीठात चालत गेले. केवढा मोठा तो हॉल. मुलं जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला घालून, हातात कॉफी घेऊन आलेली, आणि मी प्लीट्सचा स्कर्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. एका मुलीने अगदी प्रेमाने विचारलं, "आर यू लॉस्ट, स्वीटी?" मला रडूच येणार होतं. तुला हे सांगितल्यावर तू आधी पोटभर हसलीस आणि मग म्हणालीस, उद्यापासून पहिल्या रांगेत बस, म्हणजे मागून कोण बघतंय ते तुला दिसणार नाही. मी वर्षभर पहिल्या रांगेत बसले. आजही बसते.

माझी शाळा सुटायची तेव्हा तुझा सकाळचा चहा चालू असायचा. टेबलावर साखरेच्या डब्याला फोन टेकवून तू बसायचीस, मागे स्वयंपाकघराचं दार. तू मला कधी शिकवलंच नाहीस, आत्या. उलट तूच म्हणायचीस, आज काय झालं ते मला सांग. मी सांगितलं की कपाळाला आठ्या घालून म्हणायचीस, "नाही बाई कळलं. पुन्हा एकदा सांग." मी पुन्हा सांगायची. "अजून नाही. मी अडाणी आहे असं समज." तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच कळायचं की मधली एक पायरी मी नुसती पाठ केली आहे, समजलेली नाही. तेवढ्यात तुझ्या डाव्या गालात हसू दिसायचं. तू सगळं पहिल्यापासून ओळखून असायचीस, हे त्या हसण्यावरून कळायचं.

शकुमावशींचं आठवतं का? सरासरी आणि तिच्या आजूबाजूचा पसारा मला काही केल्या डोक्यात शिरेना, तेव्हा तू म्हणालीस, पुस्तक मिट आणि शकु कामाला किती वाजता येते ते रोज बघ. महिनाभर आपण दोघी दाराकडे डोळे लावून. सरासरीने त्या आठला यायच्या, पण सोमवारी बाजारामुळे उशीर आणि गुरुवारी दत्ताला जायचं म्हणून लवकर, आणि त्या पुढेमागे होण्यालाच गणितात नाव आहे हे मला तिथे कळलं. शकुमावशींना मात्र सुगावा लागला. "ताई, माझ्यावर पाळत ठेवताय व्हय?" म्हणून त्या दोन दिवस फुगून बसल्या. तू मला त्यांना नमस्कार करायला लावलंस, तोही फोनवरून, वाकून.

आणि पहिली चाचणी. मी जेमतेम काठावर पास झाले. नाव काढून घ्यायची मुदत अजून संपली नव्हती आणि बाबा तो विषय घेऊन बसलेच. मलाही आतून वाटत होतं, सोडून द्यावं, सुटेन. तू मला समजावलं नाहीस की रागावली नाहीस. म्हणालीस, चुकलेलं गणित काढ आणि मला सांग. मी हुंदके देत सांगितलं. पुन्हा एकदा सांग, म्हणालीस. किती वेळा झालं देव जाणे, तुझा चहा गार होऊन त्यावर साय धरली. मी नाव काढून घेतलं नाही. शेवटच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले, दुसऱ्या पेपरला त्याहून चांगले. बाबांनी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते ज्याला त्याला सांगितलं, जणू कल्पना त्यांचीच होती. आपण दोघींनी त्यांना ते सुख घेऊ दिलं.

आता जानेवारीतलं सांगते. मी तुला म्हणाले, जूनमध्ये माझं शिक्षण संपतंय. तुला खूप आनंद झाला. थोड्या वेळाने तू विचारलंस, तुझं शिक्षण कधी गं संपणार? मला वाटलं, आपला जुना खेळ. मी मजेत पुन्हा सांगितलं. मग तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि मी तुझ्या डाव्या गालाकडे बघत राहिले. तिथे हसू नव्हतं.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. डॉक्टरांकडून आल्यावर तूच मला म्हणालीस, डोक्याची चाळणी झालीय, मोठं राहतं आणि बारीक गळून जातं. शकुमावशी सांगतात, त्या पोळ्या करून गेल्या तरी तू दारात त्यांची वाट बघत उभी असतेस. आईने हॉस्पिटलात असे पेशंट सांभाळलेत, पुढे काय काय होतं ते ती जाणते. बाबा गराजमध्ये जाऊन रडले. मग त्यांनी पुण्यात एक चांगली जागा शोधली, चोवीस तास नर्स असलेली, आणि तू म्हणालीस, माझ्या घरातून मला हलवू नका. त्या दिवसापासून बाबांना जेवण गोड लागत नाही. मलाही नाही.

म्हणून मी ठरवलंय. जुलैत मी सांगलीला येतेय, तुझ्याजवळ राहायला, जानेवारी संपेपर्यंत. इथली नोकरी फेब्रुवारीत सुरू होईल, ते पक्कं झालंय. तेवढ्यात आपण डॉक्टरांचं, शकुमावशींच्या दिवसभर थांबण्याचं, सगळं नीट बसवू, म्हणजे तुला घर सोडावं लागणार नाही. बाबा पुन्हा अडले, म्हणाले, अर्धं वर्ष वाया जाईल. मी म्हटलं, ते अर्धं वर्ष मुळात आत्याने मिळवलंय, मी फक्त ते तिला परत नेऊन देतेय. मग तिकीट त्यांनीच काढलं. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. म्हणू नकोस.

आणि हे कागदावर यासाठी, की फोनवरचं बोलणं गळून जातं, कागद राहतो. शकुमावशींना सांगून तो टेबलाच्या काचेखाली ठेव. एखाद्या सकाळी घरात ही कोण मुलगी चहा करतेय असा प्रश्न पडला, तर वाच. वाचूनही नाही कळलं तर मला विचार. पुन्हा विचार. एकच गोष्ट कितीही वेळा, न कंटाळता, पहिल्यांदाच सांगतेय अशी सांगायची सवय मला तूच लावली आहेस.

तुझीच,
अनुया