शिट्टीचा खिसा

मु. पो. पिंपळगाव राजा
गुरुवार, सकाळ

दुसरबीडचे आमचे थोरले मेहुणे भगवानरावदादा यांच्या पायावर शालिग्रामचं डोकं.

इकडं सारे खुशाल (मी सोडून). तुमचा गुडघा कसा हाये? वहिनीचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? तुम्ही म्हणान, घरात मोबाईल असून या माणसाले पत्र लिहाची काय अवदसा आठवली. तं दादा, मी फोन कानाले लावला की तुमची बहीण बाजूले येऊन उभी राह्यते. व्हाट्सॲपवर बोलून पाठवावं तं माह्या आवाजानं साऱ्या आळीले ऐकू जाते. म्हणून हे पत्र. एकट्यात वाचा.

तुमच्या भाचीनं, डिंपलनं, अन् जावयानं नैरोबीहून आमच्या दोघायची इमानाची तिकिटं धाडली, हे तुमच्या कानावर आलंच असन. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी मुंबईहून निघाचं. म्हणे, बाबा, तुम्हाले सफारीले पाठवते, सिंह पाहून या. आता मले सांगा, मी जन्मात कधी म्हटलं होतं का, की मले सिंह पाहाचा हाये? (लेकीले पाहाचं हाये, हे मात्र चार वर्षांपासून म्हणून राह्यलो. ते कोणी ऐकत नाही.) अन् गंमत पाहा, ती सोता संग येणार नाही. जीपले लय झटके बसतात म्हणे. म्हणजे झटके तिले नको, सिंह मात्र बापाले चालते! तवापासून मी ओट्यावरच्या मांजरीलेबी वळसा घालून जातो.

त्यात तिचे नियम. जंगलात भडक कपडे नाही, निळे-काळे नाही, निळ्या-काळ्यावर तिथल्या चावऱ्या माश्या येतात, खाकी शिवून घ्या. खाकी म्हटल्यावर मी गेलो रहेमतुल्लाभाईकडं. त्यायचा हात तुम्हाले ठाऊक हाये, एकदा माप घेतलं की पुन्हा पाहाचं काम नाही. पण त्यायची सारी हयात गेली एसटीवाल्यायचे डिरेस शिवण्यात. खाकी कापड मशिनीवर चढलं की हात आपोआपच चालतात. शर्ट आला तं खांद्यावर पट्ट्या, छातीवर बिल्ल्याची जागा, अन् खिशाच्या वर अजून एक इवलासा खिसा. मी म्हटलं, भाई, हे काय? तं म्हणे, शिट्टीचा खिसा. "खाकी बोले थे ना आप? खाकी ऐसीच रहती." वरून समजावतात, शेर आया तो बजाना.

डिंपलनं सांगतलं होतं की नवे कपडे आधी एकदा अंगावर मोडून घ्या. म्हणून नागपूरले ती पिवळ्या तापाची सुई घ्याले निघालो तवा तेच घातले. झाली ना बाप्पा फजिती! खामगावच्या स्टँडवर पाय ठेवला अन् लोकायनं घेरलंच. मास्तर, शेगाव लागली का? मास्तर, अकोला कुठी? दोन म्हाताऱ्यायनं अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड माह्या हातात कोंबलं. आता मी घाबरलो की 'हाव' म्हणतो, हे तुम्हाले तुमच्या बहिणीच्या लग्नापासून ठाऊक हाये. एक अख्खं वऱ्हाड मी 'हाव, हाव' करत चिखलीच्या गाडीत बसवलं. गाडी सुटल्यावर समजलं की लग्न शेगावले होतं. (नवरदेव वेगळ्या गाडीत होता, एवढंच बरं.) मी तोंड लपवून नागपूरच्या गाडीत शिरलो, तं खरा कंडक्टर आला. त्यानं मले खालून वर पाह्यलं, बाजूले सरकून जागा देली, अन् विचारलं, कोणता डेपो? माह्या तोंडून निघालं, आफ्रिका. तो म्हणे, मेहकरच्या पुढं नवीन झाला तो का? मी म्हटलं, हाव.

नागपूरले सुई टोचणाऱ्या बाईनं विचारलं, अंड्याचं काही वावडं हाये का? दादा, गळ्यात माळ घातलेल्या माणसाले हे विचारतात! म्हटलं, बाई, आमच्या घरात अंडं उंबरा ओलांडून आलं नाही, मले काय समजते वावडं का आवडं. तिनं घसकन टोचली, अन् मंग सांगतलं की ही लस अंड्यातच बनते. तवापासून माह्या दंडात काहीतरी कोंबडीवाणी कुक्कुक करते. वहम असन म्हणा. पण त्या दिवसापासून मी माळेले हात लावाचा झाला तं उजव्याच हातानं लावतो, सुई डाव्यात हाये.

खरी भीती वेगळीच हाये, तुम्हाले म्हणून सांगतो. साखरेमुळं मले घडीघडी उठा लागते, अन् त्या जीपमधून उतराचं नाही असा तिथला कायदा. समोर सिंह, अन् मले लागली तं? म्हणून म्हटलं सवय करू. शेजारच्या रवीले ट्रॅक्टर काढाले लावला, ट्रॉलीत खुर्ची ठेवली, गळ्यात दुर्बीण, अंगात खाकी, अन् निघालो आपल्याच वावराच्या धुऱ्यानं. डिंपलचे नियम पाठच होते: जनावर दिसलं की उभं राहाचं नाही, हात हलवाचे नाही, ओरडाचं तं नावच नाही. दुर्बीण डोळ्याले लावली तं समोर रोह्यायचा कळप, शहरवाले नीलगाय म्हणतात त्या! मी श्वास रोखून बसलो. काय ते मोठे नर, काय ते कान! रवी हाका मारून राह्यला, काका, काका, अन् मी त्याले बोटानं चूप करून राह्यलो. कळप पोट भरून निघून गेला तवा डोक्यात उजेड पडला, की ते खाऊन राह्यले होते तो आपलाच हरभरा होता. रवीनं गावात काय सांगतलं असन ते सांगत नाही. लोकं आता दुरूनच रामराम करतात.

अन् तुमच्या बहिणीले कशाचीच फिकीर नाही. तिथं प्लास्टिकच्या थैल्या बंद हायेत म्हणून सारं सामान फडक्यात बांधून राह्यली. सामान तरी काय? डिंकाचे लाडू डबाभर, सुंठ, शेपा, तिळाचं तेल, अन् जुन्या मऊ लुगड्याच्या गोधड्या, त्याबी हातभर लांबीच्या! म्हटलं, अवं, यात माहे गुडघेबी झाकत नाहीत. म्हणे, तिकडची थंडी वेगळी. रात्री बसून टाके घालते अन् एकटीच हसते. सिंहापुढं नेऊन नवऱ्याले उभं कराचं, अन् हसाचं! दादा, माणूस एवढं निगरगट्ट कसं होते?

असो. थोरामोठ्यायले नमस्कार, लहानायले आशीर्वाद, अन् म्हशीच्या पाठीवर हात फिरवा.

तुमचा, अजून तरी जिता,
शालिग्राम

ता. क. : मुद्द्याचं राह्यलं. तुमचा शब्द तुमची बहीण मोडत नाही. पुढच्या रविवारच्या आत तिले फोन करा अन् सांगा की माहा गुडघा लय बिघडला, तू जाऊ नको. पाहाले कोणी आलं तं दोन दिवस लंगडून दाखवा. एवढे उपकार करा.

ता. क. दुसरा : दादा, मी अन्नपूर्णा. पाकीट चिकटवाले माह्यापाशी देऊन हे आंघोळीले गेले. फोन करू नको. डिंपलले सातवा चालू हाये. डॉक्टर तिले इमानात बसू देत नाहीत, म्हणून आम्हीच जाऊन राह्यलो. मागच्या खेपेले तिसऱ्यातच सारं गेलं, तवा यांनी कितीक दिवस ताटाले हात लावला नाही, अन् कोणापुढं रडलेबी नाहीत. डिंपल म्हणे, आई, या खेपेले बाबाले समोर उभं करूनच सांगू. म्हणून सिंहाचं काढलं. म्हटलं, सिंहाले भ्यायचे तेवढे भिऊ दे, ते भेव हलकं हाये. आपल्या आईचे चांदीचे वाळे तुझ्यापाशी हायेत ना, ते पुढच्या शनिवारपर्यंत पाठव. यांले काही बोलू नको.

ता. क. तिसरा : दादा, मी शालिग्राम. उजव्या पायानं लंगडाचं का डाव्या, हे लिहाचं राह्यलं होतं, म्हणून पोस्टापुढं पाकीट पुन्हा उघडलं. वाचलं. पोस्टाच्या ओट्यावर बसून पुन्हा वाचलं. पोस्टमास्तर बाहेर येऊन म्हणे, मास्तर, पाणी आणू का, गाडी चुकली का? (अंगात खाकीच होता.) दादा, लंगडू नका. वाळे पाठवा. सिंह दारात बसला असन तं त्याले ओलांडून जाईन. मले समजलं हे तिले कळू देऊ नका, तिनं एवढे दिवस पोटात ठेवलं, तं मीबी सोमवारपर्यंत सिंहाले भेतच राह्यतो. जन्माच्या आधी काही घेऊ नये म्हणतात, पण राहवलं नाही, बाजारातून एक खुळखुळा घेतला. शिट्टीच्या खिशात बरोबर मावते. चालताना वाजते तेवढं, म्हणून हे पाकीट पेटीत टाकून घरी हळूहळू जाईन.