काल राहिलेली गोळी

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. परवा लाखनीच्या डॉक्टरनं मलाही शुगरची गोळी लिहून दिली. "पोटात अन्न नसेल तर घ्यायची नाही, आणि एखादी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत," असं त्यानं दोनदा बजावलं. त्याच्यासमोर मी मान डोलावली. बाहेर रस्त्यावर येऊन, ट्रकांच्या आवाजात, तुला मनसोक्त शिव्या घातल्या.

तुलाही कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण करडी गावातल्या आपल्या शेतात रोवणा होता, धानाची रोपं लावायची होती, त्या दिवशी तू उजाडल्यापासून चुलीपुढे. रोवणाऱ्या बायांचा भात, वरण, वांग्याची भाजी. मी माहेरी आलेली, डबे भरतेय. विचारलं, "माय, जेवली का तू?"

"जेवली वो. काहून मांगं लागून राहिली?"

खोटं. धडधडीत खोटं! सगळ्यांची पोटं भरल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हे तुला शिकवलं कोणी? आणि शिकवलं तरी तू ऐकलंस कायले?

ऊन चढल्यावर तू बांधीतल्या चिखलात रोपं रोवता रोवता थांबतेस. हात थरथरतात, लुगडं घामानं चिंब, बोलणं भलतंच. बाया म्हणतात, "ऊन लागलं बुढीले, सावलीत बसवा." मीही तेच खरं मानते. आंब्याखाली बसवून पदरानं वारा घालते. शिदोरीत गूळ होता, माय. तू अजून गिळू शकत होतीस. पण तू जेवलीस असंच मी धरून चालले होते, त्यामुळे गूळ सुचलाच नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तुझी शुद्ध गेली. तिसऱ्या दिवशी तूही गेलीस.

तिथल्या डॉक्टरनं गोळ्यांचं पाकीट मागवून पाहिलं, हिशेब लावला आणि भडकला. "उपाशीपोटी दोन गोळ्या? कोणी सांगितलं यांना?" मी म्हटलं, माहीत नाही.

हा कागद कोणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहिते. रोवण्याच्या आदल्या संध्याकाळी, सकाळची गोळी तशीच राहिलेली पाहून मी तुझ्यावर ओरडले होते, "पाय कापा लागन तुया, मंग समजन!" तू हळूच म्हणालीस, "उद्या दोन्ही घेतो ना बाई." आणि मी डोळे वर न करता म्हटलं होतं, "घेजो."