सावलीतली एकेचाळीस कडी

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. कड्यात पाणी भरून पट्टीकडे बघतोय.

दोन लोखंडी कडी, एकाच्या आत एक, जमिनीत ठोकायची. दोन्हींत पाणी भरायचं. आतल्या कड्यातलं किती वेळात किती उतरतं ते लिहायचं. लागवडीच्या माळावरची ही एकेचाळिसावी, शेवटची जागा. तासाला अकरा सेंटीमीटर! एवढी तहान येते कुठून या मातीला?

टँकरवाले काका म्हणाले, “दूध उतू जाणार आहे का रे? किती टक लावून बसशील!”

५ मार्च

साहेब खूश. “एवढं मुरतंय तर पाणी अडवायला चर कशाला खणायचे?” नकाशावरच्या चरांवर लाल फुल्या मारल्या. पलीकडच्या टेकडीवरही त्यांनी चर खणले नव्हते. तिथली रोपं वाळली, पण साहेब म्हणतात रोपंच खराब होती.

मग म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुला कायम करून टाकू.” कायम! ताईने तीनदा विचारलं — नक्की असंच म्हणाले?

७ मार्च

टँकरचा नळ गळत होता. उघड्यावर डबकं साचलं. डबा खाऊन परत आलो तरी तेवढंच! चाळीस पावलांवर मंगळवारी माझं कडं घटाघटा पीत होतं. माती तीच, तांबडी. मग?

८ मार्च

ताईची कपड्यांची नीळ आणली. (“आता पांढरे कपडे तूच धू!”) शेवटच्या जागी कडं पुन्हा भरून पाण्यात टाकली, मुरल्यावर खणलं. निळ्या रेघा! मुळांच्या कडेने, वाळवीच्या बोगद्यांतून, कोपरभर खोल. पाणी कुठून कुठे गेलं ते चक्क दिसत होतं. किती तरी वेळ बघत बसलो.

मग वर बघितलं. झाड.

वही काढली. एकेक जागा आठवली. एकेचाळीसच्या एकेचाळीस झाडाखाली! उन्हात दोन तास बसवत नाही, म्हणून दर वेळी सावली बघून ठोकली. वहीत वेळ सेकंदापर्यंत आहे, हवा आहे, उतार आहे. सावलीला रकानाच नाही.

९ मार्च

सुट्टी होती, तरी गेलो. काकांनी टँकर आणला. उघड्यावर कडी ठोकली, डोक्यावर ओला टॉवेल. तासाला अर्धा सेंटीमीटर. पुन्हा भरलं. अर्धाच. आणि रोपं लागणार ती उघड्यावरच — चर नसले तर पाऊस वरच्यावर वाहून जाईल.

काका म्हणाले, “गप्प बस की! पाऊस येईपर्यंत तू कायम झालेला असशील.”

खरं आहे. तरी अर्ध्या सेंटीमीटरचा आकडा वहीत लिहिला.

१० मार्च

सांगितलं. सगळं, निळीसकट. साहेबांनी कपाटातून एक जुनी वही काढली. पलीकडच्या टेकडीच्या मोजणीची, त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली. पानं उलटत राहिले. मी शेवटी विचारलं, “साहेब, तुम्ही कडी कुठे ठोकायचात?”

वही मिटून म्हणाले, “उन्हात दोन तास कोण बसतं रे?”

११ मार्च

कायम करण्याबद्दल अक्षर नाही. पण साहेबांनी नकाशावरच्या फुल्या खोडल्या.

झालेल्या जागा — १. राहिलेल्या — ४०.
छत्र्या — २. एक माझी, एक साहेबांची.